नदीकाठच्या मुक्कामाचा अभ्यास



आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी एका रात्रीच्या मुक्कामाचे निसर्ग शिबिर घ्यायचे, असे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठरले. खरे म्हणजे अर्धेच ठरले. शिबिर हवे यावर एकमत झाले, जागेवर झाले नाही. नदी हवी, झाडी हवी आणि प्रवास तासाभराचाच हवा, एवढे सर्वांना मान्य होते. त्यानंतर काही पालकांनी मोबाइलवर आलेली एक जाहिरात दाखवली. पेडणे तालुक्यात नदीच्या अगदी काठावर पांढरे शुभ्र तंबू, आत पलंग, दिवे, पंखे, शेजारी न्हाणीघर. मुलांनी त्या प्रकाराचे नाव लगेच सांगितले: ग्लॅम्पिंग. मला ते नाव ठाऊक नव्हते. घरी जाऊन पाहिले, तर ‘ग्लॅमर’ आणि ‘कॅम्पिंग’ यांच्या जोडीतून तयार झालेल्या या शब्दाला ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाने २०१६ साली जागा दिलेली आढळली.

शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. औरंगजेब काश्मीरला निघाला तेव्हा त्याच्या लवाजम्यासोबत बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य होता. त्याने लिहून ठेवले आहे की बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एका संचात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या मुक्कामाकडे रवाना होई, आणि तिथली जागा आधी निवडून, सपाट करून डेरे उभारले जात. आपल्याकडे हत्ती-उंट नाहीत. पण जागा आधी जाऊन पाहायची, ही गोष्ट मात्र आपल्याला करता येते. म्हणून शारीरिक शिक्षणाचे सर, दोन पालक आणि मी अशा चौघांनी एका रविवारी ती जाहिरातीतली जागा पाहिली. या लेखातला बराचसा अभ्यास त्या एका सकाळीचा आहे.

जागा सुंदर होती, हे प्रथम सांगते. करंज आणि जांभळीची दाट सावली, पलीकडच्या काठाला बांबूची बेटे, मध्ये संथ हिरवे पाणी. तंबू पाण्यापासून वीस-पंचवीस पावलांवर आणि पाण्याच्या पातळीपेक्षा फार तर कंबरभर उंच. आमच्यातल्या एका पालकांचे बालपण नदीकाठच्या गावात गेलेले. ते तंबूंकडे पाहतच नव्हते. मान वर करून करंजाच्या फांद्या न्याहाळत होते. त्यांनी बोट दाखवले. आमच्या डोक्यापेक्षा हातभर उंचावर, फांदीच्या बेचक्यात वाळके गवत, काटक्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीची लक्तरे अडकली होती. पुढच्या झाडावरही त्याच उंचीला तेच. सगळ्या झाडांना एकाच रेषेत कचरा लागला असेल, तर तो वाऱ्याने आणलेला नसतो. जागेची देखभाल करणाऱ्या माणसाला विचारले, तेव्हा तो सहजपणे म्हणाला, “ते पुराचं. दर वर्षी एवढं येत नाही.”

विद्यार्थ्यांनो, पुरेरेषा वाचायला कोणतेही उपकरण लागत नाही. झाडांच्या खोडावरचा गाळाचा पट्टा, फांदीत अडकलेला काडीकचरा, काठाची माती जिथे खरवडली गेली आहे ती जागा, एकाच दिशेला झुकलेली झुडपे, या सर्व नदीच्या स्वाक्षऱ्या आहेत. वाळूचा मऊ, सपाट, स्वच्छ पट्टा तंबूसाठी मोहक वाटतो. पण तो सपाट आणि स्वच्छ का आहे, हा प्रश्न आधी विचारायचा. तो नदीने धुऊन ठेवलेला असतो.

यावर बैठकीत एकाने रास्त शंका काढली होती: आपण जाणार जानेवारीत, तेव्हा पूर कुठून येणार? मेघांकडे पाहिले तर उत्तर बरोबर आहे. पण आता नद्यांना मेघांखेरीज आणखी एक उगम असतो, तो म्हणजे धरण. ही नदी कोणती, ते नकाशात पाहा. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात तिळारी नदीवर मोठे धरण आहे. महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांचा हा संयुक्त प्रकल्प असून त्याचा करार १९९० साली झाला. हीच नदी गोव्यात आल्यावर डिचोली, पेडणे आणि बार्देश या तालुक्यांना स्पर्श करत शापोरा नावाने समुद्राला मिळते. ऑगस्ट २०१९ मध्ये अतिवृष्टी झाली आणि धरणातून पाणी सोडावे लागले, तेव्हा डिचोलीतल्या साळपासून पेडण्यातल्या इब्रामपूर, हणखणेपर्यंत काठावरच्या घरांत पाणी शिरले होते. आपल्या शाळेतल्या काही कुटुंबांना त्या आठवणी मी सांगायला नकोत.

मी मूळची मध्य प्रदेशातली. घरी मराठी, शाळा-कॉलेज सगळे हिंदीत, त्यामुळे माझे ‘शिविर’ अजूनही मधूनच तोंडातून निसटते आणि मुले हसतात. हसू देत. कॉलेजात असताना असेच एक शिविर आम्ही नर्मदेच्या एका उपनदीकाठी केले होते. तंबू वाळूवर ठोकले, कारण वाळूत खुंट्या सहज जातात आणि झोपायला मऊ लागते. आकाश निरभ्र, चांदणे पडलेले. पहाटे उठलो तेव्हा तंबूबाहेर ओळीने ठेवलेल्या चपला नाहीशा झाल्या होत्या आणि पाणी खुंट्यांना लागले होते. वर कुठेतरी पाणी सोडले होते, एवढेच नंतर कळले. आम्ही ती गोष्ट कितीतरी वर्षे गंमत म्हणून सांगत असू.

७ एप्रिल २००५ नंतर मी ती गंमत म्हणून सांगणे सोडले. देवास जिल्ह्यात धाराजी येथे नर्मदेच्या काठी अमावास्येच्या जत्रेला हजारो माणसे जमली होती, बरीचशी पात्रातच खडकांवर विसावली होती. पावसाचे दिवस नव्हते. वरच्या बाजूच्या इंदिरा सागर धरणातून पाणी सोडले गेले आणि रात्री नदी अचानक चढली. साठांहून अधिक माणसे गेली. पुढे ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी छायाचित्रे काढत होते. वर लारजी धरणातून पाणी सोडण्यात आले. चोवीस विद्यार्थी वाहून गेले. तीही सहलच होती, आणि त्यांच्यासोबतही शिक्षक होते.

या दोन्ही ठिकाणी पाऊस नव्हता, नदी शांत दिसत होती आणि काठ रमणीय होता. म्हणून पाटबंधारे खात्याकडे लेखी चौकशी केल्याशिवाय धरणाच्या खालच्या अंगाला, काठालगत रात्रीचा मुक्काम करायचा नाही, असा नियम मी शाळेपुरता करून टाकला आहे. चौकशी केल्यानंतरही झोपण्याची जागा पुरेरेषेच्या वरच हवी. दिवसा, डोळे उघडे असताना नदीवर जायला माझी हरकत नाही. झोपलेल्या मुलाला पाण्याचा आवाज बदललेला कळत नाही.

आता इतर जागांविषयी. तेरेखोल नदीचा पर्याय पेडण्याच्या पालकांनी सुचवला होता. तिच्या मुखाकडे पाणी धरणापेक्षा समुद्राच्या हुकमाने चढते-उतरते, आणि हे चढणे-उतरणे आधी सांगता येते, ही मोठी सोय आहे. कोकणातल्या जुन्या जाणत्यांचा ठोकताळा असा: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. ही वेळ दिवसाची आणि रात्रीचीही, कारण भरती दोनदा येते. दर दिवशी ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. खाडीत आतल्या बाजूला भरती थोडी उशिरा पोहोचते, एवढे लक्षात ठेवून हिशेब करावा आणि छापील कोष्टकाशी ताडून पाहावा. आमचा हिशेब असा की खाडीकाठी तंबूला कोरडी, उंच आणि सावलीची अशी जागा एकत्र मिळणे कठीण. कांदळवनाच्या चिखलात पाय रुतवून चिमणखेकडे पाहायला तिथे एका ओहोटीला अवश्य जाऊ, मुक्काम नको.

अभयारण्यांचा विचार मुलांनी फार उत्साहाने केला होता. बोंडला हे गोव्यातले लहानसे अभयारण्य, जेमतेम आठ चौरस किलोमीटरचे. मोले त्याहून कितीतरी मोठे. आणि सत्तरीतले म्हादई अभयारण्य १९९९ साली घोषित झालेले, सुमारे २०८ चौरस किलोमीटरचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात जायला वनखात्याचा परवाना लागतो आणि तिथे आग पेटवण्यास मनाई आहे. म्हणजे मुलांनी ज्या शेकोटीसाठी एवढा हट्ट धरला आहे ती तिथे नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात अनेक दिवस ठिकठिकाणी वणवे पेटत राहिले होते, ते आठवले की या मनाईचे वेगळे स्पष्टीकरण लागू नये. शिवाय त्या जंगलात वाघ आहेत. जानेवारी २०२० मध्ये गोळावली परिसरात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले, तेव्हा ही गोष्ट साऱ्या राज्याला वाईट रीतीने कळली. या अरण्यात आपण दिवसाचा अभ्यासदौरा, वनखात्याच्या माणसासोबत करू.

डिचोलीतल्या एका खाणीच्या खंदकात साठलेल्या निळ्याशार पाण्याचे छायाचित्र आणून ‘हे तळे किती छान’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गातच उत्तर दिले आहे. त्या पाण्याला काठ नसतो, कडा असते. इथे पुन्हा लिहिते, कारण काही जण तिथे पोहायला जातात असे माझ्या कानावर आहे.

शेवटी आमच्या मनात भरली ती जागा एक कुळागर आहे, डिचोली तालुक्यातच, सत्तरीच्या बाजूला. मालकांनी संमती दिली आहे. खाली ओहोळ, त्याच्या काठाने पोफळी, पोफळींवर मिरवेली, मध्ये केळी आणि जायफळ. कुळागर हेही एक प्रकारचे जंगलच, फक्त कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या पाट वळवून वाढवलेले. ओहोळावर वरच्या बाजूला धरण नाही, हे आम्ही वरपर्यंत चालून पाहिले. तंबू लागणार सुपारी वाळवण्याच्या अंगणात, ओहोळापासून दोन पुरुष उंचावर. अंगणावर माड नाही, वाळकी फांदी नाही. हे पाहणेही आवश्यक होते. तंबूवर पाणी येण्यापेक्षा नारळ येण्याची शक्यता गोव्यात अधिक. अंगणाच्या कडेला खाजकुयलीचा वेल होता, तो मालक काढून घेणार आहेत. त्या शेंगांची लव अंगाला लागली तर रात्रभर कुणी झोपणार नाही.

आरोग्याच्या दोन गोष्टी पालकांनी नीट वाचाव्यात. पहिली माकडतापाची. हा आजार १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. २०१५ पासून सत्तरीत आणि त्यानंतर दोडामार्ग तालुक्यातही त्याचे रुग्ण आढळले. गोचिडीच्या चाव्याने तो पसरतो आणि डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, म्हणजे नेमका शिबिरांचाच. यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोजात खोचलेली पूर्ण विजार, हातापायांना प्रतिबंधक तेल, आणि पालापाचोळ्यावर बसायचे नाही. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता शिक्षकांना सांगायचे. गावातल्या आरोग्य केंद्रात आम्ही शिबिराच्या आठवडाभर आधी चौकशी करणार आहोत. परिसरात माकडे मेल्याची किंवा तापाच्या रुग्णांची बातमी असेल तर शिबिर पुढे ढकलले जाईल, भरलेली वर्गणी परत मिळेल. घरी परतल्यावर आठ-दहा दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली, तर डॉक्टरांना मूल जंगलाच्या बाजूला जाऊन आल्याचे आवर्जून सांगावे. हे एक वाक्य न सांगितल्याने निदानाला उशीर होतो.

दुसरी गोष्ट मण्यारीची. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावा इतका नाजूक असतो की झोपमोडही होत नाही. म्हणून कितीही चांदणे असले तरी अंगणात उघड्यावर झोपता येणार नाही. तंबूची साखळी लावलेलीच राहील, बूट आत घेतले जातील, आणि रात्री लघुशंकेला जाताना बॅटरी व सोबत दोन्ही हवे. सर्वांत जवळच्या आरोग्य केंद्राचा रस्ता आम्ही दिवसा आणि अंधारात, दोन्ही वेळा गाडीने जाऊन पाहिला. शाळेची जीप रात्रभर तोंड रस्त्याकडे करून उभी राहील. १०८ च्या रुग्णवाहिकेला जागा कशी सांगायची, याचे दोन ओळींचे टिपण प्रत्येक शिक्षकाच्या खिशात असेल. कारण मोबाइलला त्या अंगणात एकाच कोपऱ्यात रेंज मिळते.

खर्चाबद्दल विश्वस्तांना स्वतंत्र टिपण दिले आहे. इथे एवढेच नमूद करते की जाहिरातीतल्या तंबूंचा माणशी दर आणि आपल्या शिबिराची वर्गणी यांत पाचपटीहून अधिक अंतर आहे. बैठकीनंतर नववीतल्या एका मुलीने माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: “मॅडम, पलंगवाला तंबू असेल तर माझे नाव घालू नका, मी घरी सांगितले नाही.” पुराच्या कचऱ्याने ती जागा बाद केली नसती, तर या चिठ्ठीने केली असती. काही पालकांना वाटते की मुलींची सोय पलंगाच्या तंबूतच नीट होईल. मुलींच्या सोयीचा प्रश्न खरा आहे, पण तो पलंगाचा नाही, शौचालयाचा आहे. आपत्तीग्रस्तांच्या छावण्यांसाठी जे आंतरराष्ट्रीय किमान मानक वापरतात त्यात वीस माणसांमागे एक शौचालय आणि माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी धरलेले आहे. आपण बेचाळीस मुले आणि सहा मोठी माणसे. कुळागरात पक्की शौचालये दोन आहेत, मानकाने तीन हवीत. तिसरे तात्पुरते, ओहोळापासून दूर उभारण्याची जबाबदारी दोन पालकांनी घेतली आहे. त्यातली दोन फक्त मुलींसाठी राहतील.

‘मग एका दिवसाचीच सहल का नको?’ असा प्रश्न एका आजोबांनी पत्राने विचारला आहे. त्यांना उत्तर पाठवले आहे, सारांश इथे देते. दिवसाच्या सहलीत मुलांसाठी सगळे दुसऱ्याने केलेले असते. रात्र आली की पाणी कोण भरणार, भात कमी पडला तर काय, कुणाला घरची आठवण येऊन रडू आले तर जवळ कोण बसणार, हे प्रश्न मुलांचे होतात. जानेवारीत कुळागरात पहाटे चांगलाच गारवा उतरतो, कारण थंड हवा जड असल्याने उतारावरून खाली येऊन दरीत साचते. हे विज्ञानाच्या पुस्तकात आहे. अंगावरची चादर ओढून घेताना ते जास्त लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे.

स्वाध्याय (आठवी व नववीसाठी, गटाने करावा)

वरच्या मानकाने आपल्या अठ्ठेचाळीस जणांना एका दिवसासाठी किती लिटर पाणी लागेल? त्यातले पिण्याचे पाणी माणशी तीन लिटर धरले, तर वीस लिटरच्या किती बाटल्या न्याव्या लागतील, ते काढा. उत्तर अपूर्णांकात आले तर काय कराल?

शिबिराच्या दिवशीची तिथी पंचांगात पाहा आणि शापोऱ्याच्या मुखाशी भरती केव्हा येईल ते ठोकताळ्याने सांगा. मग छापील कोष्टक पाहून किती मिनिटांचा फरक आला ते वहीत मांडा.

आपल्या घराजवळच्या नदीवर, ओहोळावर किंवा पुलाच्या खांबावर पुरेरेषा शोधा. तिची उंची आपल्या स्वतःच्या उंचीच्या तुलनेत नोंदवा आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला ती कोणत्या वर्षीची ते विचारा. तिळारी आणि वाळवंटी या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांनी हा प्रश्न सोडू नये.

पालकांसाठी सूचना: संमतीपत्र वर्गशिक्षकांकडे डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत द्यावे. त्यात मुलाला कोणत्या औषधाचे किंवा खाण्याचे वावडे आहे ते स्पष्ट लिहावे, ‘काही नाही’ असेल तर तेही लिहावे. सोबत एक चादर, एक सतरंजी, ताट-वाटी-पेला आणि बॅटरी. बॅटरीत सेल नवे घालून, एकदा पेटवून पाहूनच पाठवावी.